हरलेल्याने बोलायचं नाही

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे मुकी म्हणत. ती काही जन्माची मुकी नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची, मशीनमध्ये काही अडकलं तर हाकही मारायची. पण आपणहून तोंड उघडणं तिच्या गावीच नव्हतं. तिच्या शेजारच्या टेबलावर खोक्यांना चिकट, म्हणजे खळ, लावणारी मावशी मात्र तिच्या वाट्याचंही बोलून घ्यायची. "मुकीला विचारून काय उपयोग? मला विचारा. तिच्या पोटात काय आहे ते माझ्या ओठात असतं," असं म्हणायची आणि स्वतःच खदखदून हसायची.

मुकी कटिंग मशीनवर होती. पुठ्ठ्याच्या तावांची थप्पी सरळ करून मशीनखाली सरकवायची, खुणेला लावायची आणि दोन्ही बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय पातं खाली येतच नसे. हे नव्या मशीनचं. जुन्या मशीनला एकच दांडा होता, आणि त्या मशीनने काय काय खाल्लं ते कळायला मुकादमाच्या हाताकडे एकदा पाहिलं की पुरे. पातं खाली यायचं तेव्हा टेबलावरच्या चिकटाच्या डब्यापर्यंत धक्का जायचा. नवीन आलेल्या बाया दचकायच्या. मुकीची पापणीसुद्धा लवायची नाही.

तीच मुकी कोणी शेजारी हात वर केला, नुसता केस सावरायला वर केला, तरी खांदे आक्रसून डोक्यावर कोपर धरायची. मावशीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

"कोण मारायचा गं तुला? नवरा?"

मुकीने मान हलवली. "नाही. तो बिचारा नव्हता तसला."

"मग?"

"बुद्धिबळ," मुकी म्हणाली, आणि पुढची थप्पी घेतली.

मावशीला वाटलं, पोरीचं डोकं जरा फिरलंय.

पण मुकी खरंच बोलली होती. तिचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करत. उलट्या अक्षरांत आयुष्य गेलेला माणूस. एक काना इकडचा तिकडे झाला तर सगळी पानं रद्दीत जातात, त्यामुळे चूक या गोष्टीचा त्यांना मनापासून द्वेष होता. दुसऱ्याच्या चुकीचा जास्त. छापखान्यातून सुटले की वाचनालयाच्या माडीवर बुद्धिबळ खेळायला जात आणि तिथे त्यांना मास्तर म्हणत. पुढे छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले, पण खिळ्यांच्या ओळी मापायची पोलादी पट्टी मास्तरांनी घरी आणली. तशी ती आधीपासून अधूनमधून घरी यायचीच. मुलीला पट शिकवताना ती त्यांच्या उजव्या मांडीवर असायची.

चुकीच्या सोंगटीकडे हात गेला की पट्टी बसायची. सोंगटीवर नाही, बोटांवर. फट्. रक्त यायचं नाही, पण नखाखाली काळंनिळं व्हायचं आणि शाळेत लेखणी धरता यायची नाही. एकदा तिने खेळून झालेला घोडा मागे घेतला, म्हणजे चूक एक आणि ती लपवायची दुसरी. त्या दिवशी पट्टी आडवी नाही, उभी बसली. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडीच आहे. मग ती खेळताना हात मांड्यांखाली दाबून बसायला शिकली. खेळी पक्की झाल्याशिवाय हात बाहेर काढायचाच नाही.

त्या घरात एक नियम होता. हरलेल्याने बोलायचं नाही. पुन्हा जिंकेपर्यंत नाही. मास्तर म्हणायचे, "ज्याला पटावर अक्कल नाही त्याचं तोंड घरात कशाला हवं?" आणि नियम फक्त दुसऱ्यांसाठी होता असंही नाही. एकदा स्पर्धेत मास्तर कुठल्याशा कंडक्टरकडून हरले, तर घरी येऊन पुढचा डाव जिंकेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पाणी हवं असलं की वाटीवर चमचा वाजवायचे. मुकीच्या आईच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. ती स्वयंपाक करता करता चक्क गुणगुणायची.

एरवी आईच गप्प असायची. लग्न झाल्यावर नवऱ्याने हौसेने पट मांडला, ती हरली, आणि त्यानंतर पुन्हा कधी खेळायला बसलीच नाही. म्हणजे मग बोलायचा प्रश्नच उरला नाही. जेवायला बोलवायचं तर ती ताटावर पळी वाजवायची. एकदाच तिने पोरीला मारू नका म्हणून तोंड उघडलं. मास्तरांनी अख्खा पट भिरकावला. त्याचा कोपरा तिच्या भुवईवर लागला आणि सोंगट्या जमिनीवर, तिच्या रक्तात. त्या पुसून परत डब्यात भरायचं कामही तिचंच. ती शेवटी पोटाच्या दुखण्याने गेली. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस दुखत होतं तर बोलली का नाही? मास्तर काही म्हणाले नाहीत. मुकीही काही म्हणाली नाही, कारण ती तेव्हा हरलेली होती.

लग्न होऊन ती ट्रक चालवणाऱ्या नवऱ्याकडे गेली तेव्हा पहिले काही महिने तो म्हणायचा, "बोल की गं काहीतरी, मी काय स्टिअरिंगशी बोलू?" मग ती बोलायला लागली ती इतकी की घसा बसायचा. देवाने एवढं सुख तिच्या पदरात घातलं, आणि घाटात ट्रक उलटला तसं ते परतही घेतलं. असं का केलं ते त्याचं त्याला ठाऊक. तिने त्याला दोष दिला नाही, फक्त रोज सकाळी डोळे मिटून हात जोडताना विचारायची, की आता तरी बास ना?

कडेवर पोर घेऊन ती बापाच्या दारात उभी राहिली, तेव्हा मास्तरांनी तिला आत घेतलं. पोरीच्या डोक्यावरून हातही फिरवला. मग टेबल पुढे ओढलं.

"बस."

"बाबा, आत्ता?"

"आत्ता."

ती हरली. कित्येक वर्षांनी पट पाहत होती, हरणारच होती. तेव्हापासून ती पुन्हा मुकी. दुसरा डाव मागायला गेली तर मास्तर मान हलवायचे. हरलेल्याने मागायचं नसतं. द्यायचा तेव्हा ते देतील. त्यांनी डाव दिला की तिला काळी सोंगटी, कारण हरलेल्याला काळीच. पांढऱ्याने मास्तर, पहिली चाल त्यांची, आणि नेहमी तीच सुरुवात. राजापुढचं प्यादं दोन घरं. मग उंटापुढचं प्यादं त्याच्या शेजारी आणून समोरच्याला देऊन टाकायचं, घे म्हणून. ते घेतलं की राजाभोवतीची सगळी वाट मोकळी होते आणि दोन्हीकडून कत्तल सुरू. माडीवरचे लोक त्याला मास्तरांचं खाटीकखान्याचं ओपनिंग म्हणायचे. हल्ली असं कोणी खेळत नाही, सगळे कसे राजाला कोपऱ्यात नेऊन, भिंत बांधून, सावकाश. मास्तर म्हणायचे, "ते खेळणं नव्हे, ते भिऊन बसणं झालं."

हे सगळं मुकीने सोसलं असतं. सोसायची सवय एकदा अंगात मुरली की माणसाला ती हाडांसारखी आपलीच वाटते. पण एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर पोर नळाखाली बोटं धरून उभी. पोरीला सगळे ठिणगी म्हणत, कारण ती बोलायला लागली की थांबायची नाही. त्या दिवशी ती बोलत नव्हती.

"काय झालं?"

ठिणगीने आधी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मग अगदी कुजबुजत म्हणाली, "तिसऱ्या खेळीला घोडा काढायचा असतो. मी विसरले. घोडा नाही काढला की वजीर येऊन शह देतो."

"आणि?"

"आणि मी हरले ना. आता मी बोलायचं नाहीये. तू पण बोलू नको, आजोबा ऐकतील."

मुकीने पोरीची बोटं आपल्या हातात घेतली. नखाखाली तेच काळंनिळं. ती बाहेर गेली, बापासमोर उभी राहिली आणि तोंड उघडलं.

"बाबा, तिला मारायचं नाही."

मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली केला नाही. "कोण बोलतंय?"

"मी बोलतेय."

"जिंकलीस कधी?"

घर बापाचं. पगार खोलीच्या भाड्याला पुरायचा नाही, आणि कामाच्या वेळेत पोरीला सांभाळणार कोण? तिने आयुष्यात पहिल्यांदा बापाचं बोलणं शब्दाला शब्द धरलं. जिंकलीस कधी. म्हणजे त्यांना हरवलं की त्यांच्यापुढे बोलता येतं.

घरी ते डाव देणार नव्हते. पण वाचनालयाच्या माडीवर दर वर्षी स्पर्धा व्हायची. तिथे जोड्या चिठ्ठ्या टाकून लागायच्या आणि समोर आलेल्याला नाही म्हणता यायचं नाही. आणि डाव तो डाव, कुठेही असो, हे मास्तरांचंच. कंडक्टरकडून हरल्यावर घरी वाटी वाजवणारे तेच होते.

तिने नाव दिलं. चिकटवाली मावशी ऐकून थक्क झाली. "तू? त्या बाप्यांत? अगं, तोंडाने हुश्श तरी करशील का?"

"तोंडाने खेळत नाहीत मावशी."

"मग मी येते. मला काही कळत नाही, पण आरडाओरडा करायला कोणीतरी हवं की नको?"

स्पर्धेचा पंच घड्याळजी होता, खाली चौकात घड्याळं दुरुस्त करायचा. डावांची दोन तोंडांची घड्याळं त्याचीच, आणि त्यांना कोणी जोरात थाप मारली की त्याच्या जिवाला लागायचं. मुकीने आधी एका शिंप्याला हरवलं. तो हरल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही हात कुठे ठेवता? दिसतच नाहीत. भीती वाटते हो." मग दूधवाल्याला हरवलं. आणि रविवारी दुपारी घड्याळजीने चिठ्ठी उघडली, चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं आणि जरा खाकरून वाचलं. बाप-लेक. पांढरी लेकीला.

बापासमोर पांढरी सोंगटी तिला जन्मात पहिल्यांदा मिळाली.

ठिणगी मावशीच्या मांडीवर बसली होती. मास्तरांनी खुर्ची ओढली, बाह्या वर केल्या आणि हळूच म्हणाले, "इथे रडायचं नाही. माझी अब्रू आहे."

तिने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे ठेवलं. मास्तरांनी तेच केलं. मग तिने उंटापुढचं प्यादं उचललं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. घ्या.

आजूबाजूची कुजबुज थांबली. मास्तरांच्या मानेवरची शीर ताठ झाली. त्यांचीच सुरी त्यांच्याच पुढ्यात ठेवल्यासारखं झालं. त्यांनी प्यादं मारलं, मारलेलं टेबलावर आपटलं आणि घड्याळावर थाप मारायला हात उचलला.

मुकीचा हात तेवढ्यात मांडीखालून निघाला होता. घोड्याकडे. तिसऱ्या खेळीला घोडा, ते कसं विसरेल ती? पण बापाचा हात वर गेलेला दिसला आणि तिच्या अंगाने तिला विचारलंच नाही. खांदे वर, कोपर डोक्यावर, आणि खाली येताना बोटं राजावर. राजा डगमगला. तिने तो पडू नये म्हणून धरला.

थाप घड्याळावर पडली. तिच्यावर नाही.

"हात लावला," मास्तर म्हणाले. "राजाला हात लावला. हात लावला ते चालवायचं."

घड्याळजी पुढे आला. "मास्तर, पोरगी दचकली हो. चुकून लागलेल्याला हात लावला म्हणत नाहीत. नियम आहे तसा."

"माझी मुलगी आहे. तिलाच विचारा. ती खोटं बोलणार नाही."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. मावशी मागून ओरडली, "सांग की गं चुकून लागला म्हणून! दिसलं की आम्हाला सगळ्यांना!"

मुकीने राजाकडे पाहिलं. चुकून लागला म्हटलं की घोडा काढता येईल. डाव सरळ होईल. पण जिंकली तरी बाप घरी जाऊन म्हणेल, सवलतीवर जिंकलीस, ते काय जिंकणं? आणि पट्टी परत मांडीवर येईल. तिला असं जिंकायला हवं होतं की त्याला बोट ठेवायला जागा उरू नये.

"हात लावला," ती म्हणाली.

घड्याळजीने कपाळावर हात मारला.

राजाला जायला दोनच घरं होती. उंटापुढचं प्यादं उठून गेलं त्या रिकाम्या घरात तिने राजा ठेवला. उघड्यावर. पुढे कोणी नाही. मास्तर हसले. त्यांचा वजीर तिरका सरसरत पटाच्या कडेला आला. शह. जो घोडा न काढल्याबद्दल ठिणगीची बोटं निळी झाली, तोच शह.

तिने घोड्यापुढचं प्यादं आडवं घातलं. त्यांनी ते मारलं. पुन्हा शह. आता त्या मारेकऱ्या प्याद्याला मारावं असं कोणालाही वाटलं असतं, पण मग कोपऱ्यातला हत्ती वजिराच्या तोंडी जात होता. तिने राजा आणखी एक घर बाजूला सरकवला. वजिराने मधलं प्यादं खाल्लं. परत शह. प्रत्येक खेळीला मास्तर मारलेलं प्यादं टेबलावर आपटत होते आणि घड्याळावर थाप मारत होते, धाड, धाड, आणि प्रत्येक थापेला तिचे खांदे उडत होते. त्यांना ते दिसत होतं. ते मुद्दाम हात आणखी वर नेत होते.

"मास्तर, घड्याळ माझं आहे," घड्याळजी म्हणाला. "भिंत नाही ती."

मुकीला कानात नुसती धडधड ऐकू येत होती. आणि त्या धडधडीतच तिला कारखाना आठवला. तिथेही असंच धाड होतं, याहून मोठं, आणि त्या पात्याला हाडाची किंमत नाही. तिथे का नाही दचकत मी? तर तिथे माझे दोन्ही हात समोर असतात. मी दाबल्याशिवाय ते पातं खाली येत नाही.

तिने दोन्ही हात मांड्यांखालून काढले आणि टेबलावर, पटाच्या दोन्ही बाजूंना, पालथे ठेवले. वाकडी करंगळी सगळ्यांना दिसली. मास्तरांनाही. त्यांनी हात उचलला, थाप मारली. ती हलली नाही.

मग तिने घोडा काढला. तिसऱ्या खेळीला निघायचा तो आता निघाला, शह अडवून उभा राहिला. मास्तरांनी पुढचं प्यादं खाल्लं. तिने दुसरा घोडा काढला, तो थेट वजिरावर चालून. वजीर हलला, शह देऊन. राजा शांतपणे एक घर मागे आला. मास्तरांचा उंट शह द्यायला धावला, तर तिचं दुसरं मधलं प्यादं पुढे येऊन त्यालाच हुसकावून गेलं. तिचा उंट निघाला, वजिरावर. वजीर पुन्हा हलला. घोडा उडाला, परत वजिरावर. चार प्यादी मास्तरांच्या पोटात होती, पण त्यांचा वजीर पटभर पळत होता, आणि त्याच्या मागे लागून तिचं सगळं घर बाहेर आलं होतं. शेवटी तो हाशहुश करत आपल्या मूळ घरी जाऊन बसला. तेव्हा मास्तरांनी पट पाहिला. त्यांचे दोन्ही घोडे अजून डब्यातून काढून ठेवल्यासारखे जागच्या जागी. दोन्ही हत्ती कोपऱ्यात. राजा मधोमध, आणि त्याच्याभोवती तिची माणसं.

त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला. आता थाप पडत नव्हती, ते घड्याळ बोटाने दाबत होते.

तिच्या वजिराने शह दिला. राजा बाजूला झाला. तिने घोडा उचलला आणि सरळ त्यांच्या राजाच्या तोंडाजवळ नेऊन ठेवला, मारा म्हणून. मास्तरांनी तो मारला, त्यांच्या खेळाला नाही म्हणणं माहीतच नव्हतं. आणि घोडा उठून गेलेल्या वाटेने तिचा वजीर आत घुसला. त्यानंतर फार वेळ लागला नाही. ती त्यांच्या राजाला एका घरातून दुसऱ्या घरात हाकलत होती, घाईही नाही आणि दयाही नाही. तिला स्वतःचीच भीती वाटली. आपल्या हातांना हे येतं, इतकं चांगलं येतं, आणि ते कुणी शिकवलं हेही तिला ठाऊक होतं. तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि शेवटची खेळी केली.

"मात."

मास्तर पटाकडे पाहत राहिले. मग उभे राहिले, टेबलावरून वाकले आणि तिच्या कानशिलात मारली. माडीभर आवाज घुमला. तिची मान फिरली, ओठ दातात सापडून फुटला. पटावर रक्ताचे दोन थेंब पडले. पण हात तसेच होते, पटाच्या दोन्ही बाजूंना. तिने कोपर वर घेतलं नाही.

शिंप्याने आणि घड्याळजीने मास्तरांना मागून धरलं. मावशी चिकटाचे हात असल्यासारखी बोटं फाकून पुढे धावली, "सोडा मला, सोडा, म्हातारा असला म्हणून काय झालं!" मास्तर काहीतरी बोलणार म्हणून तोंड उघडून उभे होते.

"बाबा," मुकी म्हणाली, "तुम्ही हरलात."

त्यांनी तोंड मिटलं.

मास्तर नियमाचे पक्के, हे मानायलाच हवं. घरी आले ते गप्प. माडीवर त्या थपडेनंतर त्यांच्यासमोर कोणी डाव मांडत नव्हतं. पाणी हवं झालं की वाटी वाजायची. मुकी ओठाला हळद लावून पाणी आणून द्यायची. घरात आता ती बोलायची, मोठ्याने बोलायची, नळ गळतो म्हणून, डाळ महागली म्हणून, उगीच. पट्टी तिने कपाटावर ठेवली. पोरीला हात लावायचा नाही, हे तिने एकदा सांगितलं, आणि मास्तरांनी मान हलवली. आईच्या सुखाच्या दिवसांसारखे दिवस होते ते. मुकी स्वयंपाक करता करता गुणगुणायची सुद्धा. त्यांनी डाव मागण्यासाठी पटाकडे बोट केलं, की ती म्हणायची, "हरलेल्याने मागायचं नसतं."

हे म्हणताना तिला गोड वाटायचं. तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

एका दुपारी ती लवकर घरी आली. आतून ठिणगीचा आवाज येत होता.

"बोलायचं नाही! हरलात ना? मग? हा घोडा कुठे ठेवला? चूक!"

फट्.

मुकी दारातच थांबली. ठिणगी खुर्चीवर उभी होती, हातात पोलादी पट्टी. कपाटावरून खुर्ची लावून काढलेली. समोर मास्तर पटाशी बसलेले, सोंगटीपासून हात मागे घेत. नियमाप्रमाणे गप्प. ठिणगीने पट्टी पुन्हा वर केली, आणि म्हाताऱ्याचे खांदे आक्रसले, कोपर डोक्यावर गेलं. अगदी तिच्यासारखंच. जणू आरशात पाहावं.

तिने दोन ढांगांत जाऊन पट्टी हिसकावली. ठिणगी रडायला लागली. "मी शिकवत होते! तू म्हणालीस ना, हरलेल्याने बोलायचं नाही!"

"म्हणाले होते," मुकी खाली बसत म्हणाली. "चुकलं माझं. ऐका दोघं. मी जिंकलेली आहे ना? मग माझं चालणार. या घरात आजपासून हरलेलाही बोलेल. आणि ही पट्टी कारखान्यात जाईल. पुठ्ठ्यावर रेघ मारायला. पट्टी असते कशासाठी?"

ठिणगी नाक पुसत होती. मास्तर आपल्या बोटांकडे पाहत होते. एका नखाखाली काळं धरायला लागलं होतं.

"बाबा. बोला की आता."

त्यांनी घसा खाकरला. इतके दिवस न वापरलेला आवाज फाटका आला.

"राजा बाहेर काढलास ती चूकच होती."

"चूकच होती," मुकी म्हणाली. "तुमचा हात वर गेला म्हणून झाली."

मास्तरांनी मान वर केली नाही. पण त्यांनी पट सरळ केला, सोंगट्या लावल्या, पांढऱ्या ठिणगीकडे फिरवल्या. तिने संशयाने आईकडे पाहिलं, मग प्यादं सरकवलं. मास्तरांनी त्यांचं सरकवलं. तिने उंटापुढचं दिलं. त्यांनी ते घेतलं, हळूच बाजूला ठेवलं, आपटलं नाही. आणि मग त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले.

"आता घोडा," ते म्हणाले. "तिसऱ्या खेळीला घोडा काढ."

"आणि नाही काढला तर?"

मुकी पट्टी हातात घेऊन तशीच बसली होती.

"तर वजीर येईल," मास्तर म्हणाले. "बास. दुसरं कोणी नाही येणार."